मंडळी

नऊजण उरलो होतो आम्ही.
ऑर्गन वाजवणारी टेग्वेन धरून नऊ,
तिचं दुखरं कोपर वजा केलं तर साडेआठ.

बेथानी चॅपेल, कुमहेली, वेल्स.
बांधलं तेव्हा चारशे माणसं बसायची इथे,
खाणीतून वर आलेली,
कितीही घासलं तरी कानामागे कोळसा राहिलेली.
आता भिंतीवरची नावं बाकांवरच्या माणसांहून जास्त:
कुणी दरडीखाली गेलेला, कुणी लढाईत.

दारावर फलक लावला, 'सर्वांचे स्वागत'.
तीन हिवाळ्यांच्या पावसानं
स्वागत धुऊन नेलं, 'सर्वांचे' तेवढं राहिलं.
पत्रकं वाटली. केक भाजले,
आणि संध्याकाळी आमचे आम्हीच विकत घेतले.
इद्रिस म्हणाला, लोकांना देव नकोसा झालाय.
मी म्हटलं, आपण नकोसे झालोय रे,
देवाला कशाला मध्ये ओढतोस?

त्या जानेवारीत चौकातलं धुलाई-दुकान बंद झालं.
बसमध्ये बायका दिसायला लागल्या,
मळक्या कपड्यांची पिशवी मांडीवर, तान्हं घ्यावं तशी.
पुढच्या गावापर्यंत पाऊण तास. परत येताना ओझं दुप्पट,
कारण सुकवायलाही पैसे पडतात.

मर्विन, जो बैठकीत कधी तोंड उघडत नाही,
म्हणाला, मागच्या खोलीत नळ आहे.
झालं. छपरासाठी ठेवलेले पैसे,
आणि एल्फेडचा चढलेला आवाज:
देवाच्या घरात लोकांच्या चड्ड्या गरगरणार?
टेग्वेननं चष्मा पुसला.
पाय धुतले ना त्यानं शिष्यांचे?
मग मोजे काय, आपोआप धुतले गेले?

दोन जुनी यंत्रं आणली.
दुसरं, पिळायच्या वेळी, चालत सुटतं
आणि दारापर्यंत येतं, बाहेर जायचं असल्यासारखं.
त्याच्या पायाखाली पाठ सुटलेली गीतपुस्तकं दिलीत.
एल्फेडला सांगितलेलं नाही.

पहिला आला कीरन, रात्रपाळीचे डोळे,
पिशवीत लहान मुलाच्या चादरी, रोजच्या रोज ओल्या.
आम्ही काही विचारलं नाही. बिस्किटं पुढे केली.
मग रहफ, हलबहून आलेली,
तिनं माझ्या घड्या मोडून
पुन्हा घातल्या, नीट.
आणि दर मंगळवारी ग्लिन,
एक निळा लोकरी स्वेटर घेऊन, बायकी मापाचा.
चौथ्या मंगळवारी माझ्या लक्षात आलं
स्वेटर स्वच्छच असतो.
मांडीवर ठेवून बसतो, यंत्र फिरताना बघत.
आत कधीच टाकत नाही.

आम्ही कुणाला रविवारचं बोलावणं केलं नाही.
तेवढं शहाणपण उशिरा आलं, पण आलं.

मार्चमध्ये छप्पर गळलंच.
ऑर्गनवर धार लागली, आणि एल्फेड काही बोलला नाही,
ते बोलण्याहून वाईट.
रात्री नऊला दारात कीरन, शिडी खांद्यावर,
मागे त्याच्या पाळीतले दोघे, ज्यांची नावं मला अजून येत नाहीत.
रहफनं भगुणी आणली, घरातली सगळी.
ग्लिननं ऑर्गनच्या पट्ट्या पुसल्या,
एकेक, हळूहळू,
निळ्या स्वेटरनं.
कुणी म्हणालं नाही, अरे, दुसरं फडकं देतो.
मग तो स्वतःच उठला,
यंत्राचं झाकण उघडलं
आणि विचारलं, लोकरीला कोणतं बटण?

मुख्य कार्यालयाचा फॉर्म आलाय.
सभासद: नऊ, लिहिलं. खरंच नऊ आहोत,
कोपर बरं झालं तरी नऊच.
त्याखाली रकाना: मंडळीची एकूण संख्या.
पेन टेकवून बसले आहे कधीची.
ग्लिनला धरायचं? चादरींच्या धन्याला, चार वर्षांच्या?
त्या दोघांना, ज्यांची नावं येत नाहीत?

दुसरं यंत्र पुन्हा निघालंय दाराकडे.
अहो मंडळी,
धरा कुणीतरी.